पायरी खासगी, रस्ता सार्वजनिक

२ मार्च, सोमवार

आज सांगून टाकलं. जेवणं झाली होती, चिरंजीव आणि सूनबाई दोघंही समोर बसले होते. म्हटलं, मी लग्न करते आहे, बसवाल्या ड्रायव्हरांशी. नोंदणी कार्यालयाची तारीखही मिळाली आहे, अठरा एप्रिल, शनिवार.

सूनबाईने हातातला कप खाली ठेवला, उठली आणि माझ्या गळ्यात पडली. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते, तिच्या केसांनासुद्धा खोकल्याच्या औषधाचा वास येतो.  चिरंजीवाने विचारलं, "कोणाकोणाला सांगितलंस?"

मला बरं वाटलं. आधी कामाचं विचारायचं, हा त्याचा स्वभावच. पाहुण्यांचा अंदाज घेत असणार. म्हटलं, अजून कोणालाच नाही, पण सगळ्यांना सांगणार. सकाळी नोंदणी आणि संध्याकाळी गल्लीत जेवण. रस्त्यावर टेबलं मांडायची, दिवे लावायचे.

तो म्हणाला, घरातच करू, मोजकी माणसं, पडदे लावून घेतले की कसं निवांत बसता येईल. मी म्हटलं, पडदे धुवायला टाकणार आहे.

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी माझी छाती अशी धडधडेल असं वाटलं नव्हतं. लग्नाच्या विचाराने नाही, मुलाला सांगण्याच्या विचाराने. आता सांगून झालं. 

६ मार्च, शुक्रवार

बेकरीवालीला सांगितलं तर तिने पिठाच्या हातांनीच माझे गाल धरले. मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, टेबलं देते, बाकडी देते, पण परवान्याचं काय? गेल्या वर्षापासून नवीन नियम आलाय. रस्त्यावर, फुटपाथवर, बागेत काहीही करायचं तर तो सार्वजनिक कार्यक्रम. आधी अर्ज, शेजाऱ्यांच्या सह्या, अग्निशमन दलाचं पत्र. मागच्या गल्लीत कोणाच्या तरी वाढदिवसाची टेबलं पालिकेच्या गाडीने उचलून नेली, वर ठेवलेल्या केकसकट.

घरी येऊन हे सांगितलं, तर चिरंजीव म्हणाला, "तू कशाला खेटे घालतेस? मी बघतो सगळं. माझ्या ऑफिसपासून पालिका जवळ आहे."

मी उगीच त्याच्याबद्दल धास्तावले होते. विमा कंपनीत आहे, नवीन बढती, मान वर करायला फुरसत नाही, तरी आईच्या लग्नाचा परवाना काढायला निघालाय. सूनबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिलाही कौतुक वाटलं असणार.

१५ मार्च, रविवार

सह्या गोळा झाल्या. गल्लीत मी सत्तावीस वर्षं राहते आहे, कोणाचं दार कधी उघडं असतं ते मला ठाऊक आहे. सलूनवाल्याने गिऱ्हाईकाच्या गालावर साबण तसाच ठेवून सही केली. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी मात्र नकार दिला. म्हणाले, या वयात जे करायचं ते गुपचूप करावं, रस्त्यावर कशाला? मी म्हटलं, मास्तर, तुम्ही रोज सकाळी बनियन घालून फुटपाथवर व्यायाम करता, मी कधी काही बोलले? दार लावून घेतलं त्यांनी.

संध्याकाळी ड्रायव्हर आले होते, खिडकीची कडी बसवायला. त्यांनाही तेच विचारायचं होतं, पण त्यांची विचारायची तऱ्हा वेगळी. कडी बसवून झाली, हात पुसले, मग म्हणाले, "तुम्हाला रस्त्यावरच का हवंय? नको म्हणत नाही. नुसतं समजून घ्यायचंय."

मी त्यांना सांगितलं. हे गेले तेव्हा चिरंजीव नऊ वर्षांचा होता. यांना दवाखान्यातून आणलं त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. येणाऱ्या गाड्या मागे वळवल्या. माझा चेहरा कसा झालाय ते बघायला पार चौकापासून लोक आले. त्यानंतर मी कधी बाहेर पडते, कधी परत येते, कुठली साडी नेसते, कोणाशी हसते, याची खबर अख्ख्या रस्त्याला असायची. त्याला कोणी परवाना मागितला नाही. माझं दुःख सार्वजनिक होतं. मग आनंद तेवढा पडद्याआड कशाला?

ते म्हणाले, "बरं. तुम्ही सांगाल तिथे उभा राहतो."

बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, थांबा कुठे आहे एवढंच विचारणार. त्यांच्याच बसने मी हॉस्पिटलला कामाला जायचे. निवृत्त झाल्यावरही त्यांची सवय सुटेना, म्हणून ते त्याच बसने प्रवासी होऊन फिरायचे. एक दिवस माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

२४ मार्च, मंगळवार

चिरंजीव उशिरा आला. म्हणाला, अग्निशमन दलाचं पत्र अडलंय. मग म्हणाला, सह्यांचा नमुना चुकला, पुन्हा घ्याव्या लागतील. मी म्हटलं, दे, उद्याच घेते. तर म्हणे, थांब, आधी साहेबांना विचारतो. पालिकेतली माणसं म्हणजे नुसता वैताग. माझ्या पोराचा जीव काढतायत. दोन घास खाल्ले आणि उठला.

सूनबाईचंही काहीतरी बिनसलंय. परवान्याचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते आणि धुतलेली भांडी पुन्हा धुते. मी तिला म्हटलं, चेहरा ओढलेला दिसतोय, लोहाच्या गोळ्या घे, तुझ्याच दुकानात मिळतात.

शिवणखोलीत आज फाटलेल्या चादरींचा ढीग होता. हॉस्पिटलची चादर मधोमध विरते, कडा शाबूत राहतात. मग मधून कापायची, कडा आत घेऊन जोडायच्या, की आणखी दोन वर्षं चालते. हे मी इतकी वर्षं करते आहे. बरोबरच्या दोघी आता मला नवरीबाई म्हणून हाक मारतात. आधी राग आला, आता ओ देते.

२९ मार्च, रविवार

ताईचा फोन. मी कळवायच्या आतच तिला कळलं होतं. चिरंजीवानेच सांगितलं म्हणे. आनंदाची बातमी त्याच्या पोटात राहिली नसणार.

ताईने आधी रडून घेतलं. मग म्हणाली, कर बाई लग्न, आम्ही कोण अडवणारे, पण चार लोकांत हसं करून घेऊ नकोस. मुलाला त्याच्या ऑफिसात तोंड दाखवायचं असतं, याचा विचार कर. मी म्हटलं, तोच तर परवाना काढतोय.  म्हणाली, "हो का? मग ठीक आहे." पुढे तब्येतीचं बोलायला लागली. तिच्या मागे भाऊजींचा आवाज ऐकू येत होता. हे असं कुठे असतं का, म्हणत होते. ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या भानगडींत नाक खुपसत आले आहेत.

३ एप्रिल, शुक्रवार

परवाना नाकारला.

चिरंजीवाने बूट काढता काढता सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही, त्यालाही वाईट वाटलं असणार. कारण विचारलं तर म्हणाला, वाहतुकीला अडथळा. आमच्या गल्लीत वाहतूक! दिवसातून एकदा दुधाची गाडी आणि मधूनमधून मांजरं.

मी म्हटलं, सोमवारी मी स्वतः जाते. तो एकदम म्हणाला, "नको, तू गेलीस तर बिघडेल." मी म्हटलं, नाकारल्यावर आणखी काय बिघडायचं राहिलंय? मग म्हणाला, आई, घरातच करू या ना, मी सगळी व्यवस्था करतो, चांगलं जेवण मागवतो. त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा आला होता. क्षणभर वाटलं, हो म्हणावं.

नाही म्हटलं.

६ एप्रिल, सोमवार

अर्धा दिवस रजा काढून पालिकेत गेले. तळमजल्यावर परवाना विभाग, एकच खिडकी उघडी, आत जाड चष्म्याची बाई. रांगेत समोरचा मोठा फलक वाचून पाठ झाला. स्वतःच्या जागेत, निमंत्रितांसाठी, दहा माणसांच्या आत, ध्वनिवर्धकाशिवाय असेल तर तो खासगी कार्यक्रम, परवान्याची गरज नाही. बाकी सगळं सार्वजनिक.

माझा नंबर आला. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. परवाना का नाकारला ते सांगा, म्हटलं. तिने शोधलं, पुन्हा शोधलं आणि म्हणाली, नाकारलेला नाही. अर्ज मागे घेतलाय. घरातलंच कोणीतरी येऊन सांगून गेलं, की कार्यक्रम रद्द झाला, आता घरच्या घरीच करणार आहेत.

माझ्या लगेच लक्षात आलं. भाऊजी! दुसरं कोण? त्या दिवशी फोनवर आवाज येतच होता. मी विचारलं, टक्कल पडलेले, जाडसे गृहस्थ होते ना? ती म्हणाली, नाही, तरुण होते, टापटीप होते. आता एवढ्या जाड चष्म्यातून तिला काय दिसणार, तिला सगळेच तरुण वाटत असतील. यावर मी जास्त विचार केला नाही. पुढची कामं पडली होती.

नवा अर्ज केला तर? पंधरा दिवस आधी करावा लागतो, ती म्हणाली. माझ्या हातात तेवढे दिवस नव्हते. मी खिडकीपाशी उभी राहिले. मागचा माणूस वैतागून चुकचुकला. मी मागे वळून म्हटलं, थांबा जरा, माझं लग्न आहे. तो थांबला.

मग मी तिला विचारलं, "माझ्या घराची पायरी खासगी की सार्वजनिक?"

"हद्दीच्या आत असेल तर खासगी."

"पायरीवर माझ्यासकट नऊजण बसले तर?"

"लाउडस्पीकर नसेल तर आम्हाला काही म्हणायचं नाही."

"आणि शेजारणीच्या पायरीवर तिच्यासकट नऊजण बसले तर?"

तिने चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती बरीच लहान दिसते. माझ्याकडे बघितलं, फलकाकडे बघितलं. म्हणाली, "तो त्यांचा कार्यक्रम." मग चष्मा लावून हाक मारली, "पुढचे."

बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

८ एप्रिल, बुधवार

दुकान बंद झाल्यावर सलूनमध्ये बैठक भरली. आरशांमुळे पंधरा माणसांची साठ दिसत होती, त्यामुळे सगळ्यांनाच जोर आला. मी फलक जसाच्या तसा म्हणून दाखवला. आधी कोणाला कळेना. मग बेकरीवाली म्हणाली, म्हणजे लग्न कोणाचंच नाही, प्रत्येकाच्या पायरीवर प्रत्येकाचा आपापला कार्यक्रम, आणि तुम्ही दोघं काय, सहज जाता जाता प्रत्येक पायरीवर डोकावणार?

बरोबर, म्हटलं. सहज जाता जाता.

मग प्रत्येकाला आपापलं कारण हवं होतं. बेकरीवालीची भट्टी दुरुस्त झाली, तिने तो आनंद साजरा करायचा. सलूनवाल्याने गिऱ्हाइकांना चहा पाजायचा. समोरच्या जुळ्या बहिणींचं दोन वर्षांचं भांडण मिटल्याचं जाहीर करायचं ठरलं. ते मिटलेलं नव्हतं, पण कारण सापडलं म्हणून तिथेच मिटवून टाकलं. ड्रायव्हरांचे जुने सहकारी येणार आहेत, त्यांना दारं वाटून दिली. एकाने विचारलं, दंड झाला तर? बेकरीवाली म्हणाली, "होऊ दे. केकसकट उचलून नेलं तरी मी गाडीत चढून केक वाढीन."

एक-दोन घरं नाही म्हणाली. त्यांच्यावर राग नाही. प्रत्येकाला अंगावर घेण्याची हौस नसते.

१२ एप्रिल, रविवार

चिरंजीवाला आज कळलं. मीच सांगणार होते, पण सलूनवाल्याने केस कापता कापता आधीच सांगितलं. अर्धवट कापलेल्या केसांनीच घरी आला.

इतकी वर्षं आम्ही भांडलो नव्हतो. तो म्हणाला, हे बेकायदेशीर आहे. मी म्हटलं, फलक वाचून ये. तो म्हणाला, गल्लीतली माणसं मजा बघायला येतात, तुला कळत नाही. मी म्हटलं, येऊ दे, मजाच आहे.

मग तो खुर्चीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुला सगळं सगळ्यांसमोर लागतं. बाबा गेले तेव्हा मी तुझा पदर धरून उभा होतो. किती माणसं होती. सगळी आधी तुझ्याकडे बघत होती आणि मग माझ्याकडे. मला तेव्हा जमिनीत शिरावंसं वाटलं होतं. आता पुन्हा तेच करायचं?"

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो लहान होता, विसरला.

मी म्हटलं, "तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं, राजा. कोण येणार, कुठे उभं राहणार, मी काय नेसणार, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. या वेळी मी ठरवते आहे. त्याच रस्त्यावर, त्याच लोकांसमोर. मला ते हवंय. तुला बघवत नसेल तर येऊ नकोस, मी रागावणार नाही."

तो उठून गेला. मी मागून म्हटलं, निदान केस तरी पुरे कापून घे.

रागावणार नाही म्हटलं खरं. खोटं होतं ते.

१६ एप्रिल, गुरुवार

ड्रायव्हरांनी विचारलं, चिरंजीवांशी मी एकदा बोलू का? मी म्हटलं, कशाला, तो बिचारा आपल्यासाठी महिनाभर पालिकेच्या पायऱ्या झिजवत होता, भाऊजींनी घोळ घातला. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल." गुडघा चोळत बसले. एवढ्या पायऱ्यांचा त्यांना त्रास होणार, पण बोलणार नाहीत.

रात्रीच्या भाज्या निवडताना सूनबाई म्हणाली, "आई, त्या परवान्याबद्दल मला तुम्हाला काही सांगायचंय." मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे, आणि ताईकडे मी तो विषय काढणार नाही, तिचा संसार आहे. सूनबाई आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. कांदा तर कापत नव्हती. मी विचारलं, गोळ्या घेतेस ना?

ती उठली आणि बाहेरच्या खोलीचे पडदे काढून धुवायला टाकले. सगळे. न सांगता.

१९ एप्रिल, रविवार

सकाळ. अजून सगळे झोपलेत. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

नोंदणी पटकन आटोपली. साक्षीदार म्हणून सूनबाईने सही केली, आणि ड्रायव्हरांच्या एका जुन्या कंडक्टरने. चिरंजीव आला नाही. ऑफिसात काम निघालं, नवीन बढती आहे. मी रागावले नाही. सही करताना पेन दोनदा अडलं, एवढंच.

संध्याकाळी चौकातून गल्लीत शिरलो. मी निळी साडी नेसले होते, ड्रायव्हर जुन्या गणवेशाच्या कोटात, बिल्ला काढून. रस्ता पूर्ण रिकामा. एक खुर्ची नाही, एक टेबल नाही. आणि दोन्ही बाजूंना प्रत्येक पायरीवर माणसं, दिवे, ताटल्या. उंबऱ्यापासून हद्दीपर्यंत दाटीवाटीने बसलेली, पण रस्त्यावर एकाचंही पाऊल नाही. मी एवढा स्वच्छ रस्ता कधी बघितला नव्हता.

बेकरीवालीच्या पायरीवर गरम पाव होता, सलूनपाशी चहा. जुळ्या बहिणींनी एकाच पातेल्यातून सूप वाढलं आणि मिठावरून पुन्हा भांडल्या. एका पायरीवर निवृत्त कंडक्टर बाजा वाजवत होता, लाउडस्पीकरशिवाय, पण त्याच्या फुप्फुसांना कोण परवाना विचारणार? मास्तरांचं दार बंद होतं. बंद दारालाही मी मान लववली. त्यांच्या घरात दिवा होता.

निम्म्या वाटेत असताना पालिकेची गाडी आली. कोणीतरी फोन केला होता. निरीक्षक उतरला, हातात मापाची टेप, मागे दोन माणसं. बाजा थांबला. त्याने मोठ्याने विचारलं, हा कार्यक्रम कोणाचा आहे? बेकरीवाली म्हणाली, कुठला? माझा म्हणाल तर माझा, भट्टी दुरुस्त झाली. सलूनवाला म्हणाला, माझा तो माझा, त्यांचा मला माहीत नाही. निरीक्षक प्रत्येक पायरी मोजत चालला. एका खुर्चीचा एक पाय हद्दीबाहेर सापडला. तो आत घेतला. प्रत्येक दारात डोकी मोजली, कुठे दहा झाली नव्हती. त्याचा चेहरा उतरत चालला होता, मला त्याची दयाच आली. आम्ही दोघं त्याच्या मागे एकेक पायरी थांबत चाललो होतो, जणू त्याचीच वरात.

शेवटी आमच्या घरापाशी आला. तिथे त्याचा संयम संपला. म्हणाला, हे सरळ सरळ एकच लग्न आहे, तुकडे करून मांडलंय, मी सगळं उठवणार. आणि आमच्या पायरीवर कोण उभं होतं? चिरंजीव. ऑफिसचे कपडे, हातात बॅग. कधी आला, कुठून आला, मला दिसलं नव्हतं. निरीक्षकाला तो एकटाच समंजस वाटला असावा. त्याला म्हणाला, "साहेब, तुम्ही तरी सांगा, इथे नक्की काय चाललंय?"

 सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मला त्याचं परवाचं बोलणं आठवलं आणि वाटलं, धावत जाऊन त्याच्यासमोर आडवं उभं राहावं.

त्याने बॅग खाली ठेवली. म्हणाला, "माझी आई लग्न करून घरी येते आहे. हे तिचं घर. ही पायरी आमची आहे. तुम्ही वाटेत उभे आहात, जरा बाजूला व्हा."

एवढ्या मोठ्याने बोलला की चौकातल्या लोकांनी माना वळवल्या. कान लालबुंद झाले होते, पण मान खाली घातली नाही.

निरीक्षक बाजूला झाला. आम्ही पोचलो. ड्रायव्हरांचा गुडघा आता पुरता आखडला होता. चिरंजीवाने हात पुढे केला. म्हणाला, "काका, सावकाश. पायरी उंच आहे."

पुढचं मला नीट लिहिता येणार नाही. आम्ही नऊजण होतो. निरीक्षकाला सूनबाईने पाणी दिलं, तेव्हा त्यानेच डोकी मोजली आणि म्हणाला, मी आत आलो तर दहा होतील. तो रस्त्यावर उभा राहूनच प्यायला.

२५ मे, सोमवार

ड्रायव्हरांचं नाव आमच्या पत्त्यावर नोंदवायला पालिकेत जायचं होतं. चिरंजीव म्हणाला, मी येतो. आजकाल बरोबर येतो तो, न बोलवता.

तळमजल्यावर फलक बघितला. शेवटी नवीन ओळ रंगवली आहे, रंग अजून चमकतो. एकाच दिवशी एकाच रस्त्यावर होणारे खासगी कार्यक्रम मिळून सार्वजनिक समजले जातील. मी ती दोनदा वाचली. हॉस्पिटलात चाळीस वर्षं चादरी शिवल्या, कुठे नाव लागलं नाही. इथे माझ्यासाठी अख्खी ओळ.

खिडकीत तीच चष्मेवाली. मला ओळखलं, ओठ दाबून हसली. मग तिची नजर चिरंजीवाकडे गेली आणि ती थबकली. म्हणाली, यांना मी कुठेतरी पाहिलंय.

मी म्हटलं, "पाहिलं असेलच. आमच्या परवान्यासाठी किती खेटे घातलेत माझ्या मुलाने."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "हो. बरेच खेटे घातले." आणि शिक्का उचलला.

चिरंजीवाचे डोळे लाल झाले होते. त्या ऑफिसात पंखे चालत नाहीत, गुदमरायला होतं. मी रुमाल दिला. तो म्हणाला, "आई—" आणि रुमालाची घडी घालत राहिला. मी म्हटलं, आलोच आहोत तर सार्वजनिक कार्यक्रमाचा अर्ज घेऊ. गल्लीत सगळ्यांना एकदा रस्त्यावर टेबलं मांडून बसायचंय, पायऱ्यांवर पाठी अवघडतात. तारीख पुढची, वेळ भरपूर आहे.

अर्ज त्यानेच भरला. अक्षर चांगलं आहे त्याचं. कार्यक्रमाचा हेतू काय लिहू, विचारलं. मी सांगितलं, उघड्यावर एकत्र बसणे. खिडकीतली बाई म्हणाली, हे कारण होत नाही. मी म्हटलं, हेच आहे. तिने वाद घातला नाही. मग आयोजकाचं नाव. मी म्हटलं, माझं घाल. तो म्हणाला, "राहू दे. या वेळी माझं." आणि पूर्ण नाव लिहिलं, ऑफिसच्या पत्त्यासकट.

सह्या उद्यापासून घ्यायच्या. मास्तरांकडे तो जाणार आहे, मी नाही.

नाहीच मिळाला परवाना तरी बिघडत नाही. निघताना फलक पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचून आले. रस्त्याने चालणाऱ्या माणसांबद्दल त्यात अजून काही लिहिलेलं नाही.